कमावत्याचं काळीज
रविवारच्या मटणाच्या वाट्यात बकऱ्याच्या पोटाची वजडीच जास्त असायची, काळजाचा तुकडा मात्र एकच. वजडी चुन्यानं घासून पांढरी करायची बेबीनंदानं आणि वाढायचं सासूनं, चांगुणाबाईनं. घरचा रिवाजच होता: काळीज कमावत्याला. आधी ते सासऱ्याच्या ताटलीत पडायचं, सासरा गेल्यावर नवऱ्याच्या, तातेरावच्या. पंच्याहत्तर साली विहीर खणताना तातेरावचा पाय मोडला, तेव्हापासून बेबीनंदाच वाटूरच्या सडकेवर खडी फोडत होती. तरी आज चांगुणाबाईनं काळजाची पळी लेकाकडंच नेली. त्यानं ताटली मागं ओढली. “माय, आता कमावून कोण राह्यलं?” पळी हवेतच थांबली. बेबीनंदाचे भाकरी थापणारे हातही थांबले. मग चांगुणाबाईनं तुकडा सुनेच्या ताटलीत टाकला. “खाय जल्दी, गार होऊन राह्यलं.” लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच बेबीनंदानं काळीज चावलं. चाळीस वर्षं ते नुसतं वाढणारी सासू हळूच जवळ सरकली. “कसं लागतंय गं?”