तोफेजवळचा माणूस

"हा माणूस कोण?"

वर्तमानपत्राच्या कचेरीत सेन्सॉरच्या अधिकाऱ्याने तीन फोटो टेबलावर आपटले. पहिल्यात युद्धनौकेवरची लांब नळीची तोफ, दुसऱ्यात किनाऱ्यावरची, तिसऱ्यात डोंगरावर ओढून नेलेली. तिन्ही फोटो याच वर्तमानपत्रात छापून आलेले. आणि तिन्ही तोफांजवळ एकच तरुण उभा. तोच चेहरा, तेच हसू, मानेचा तोच कल.

रिटचर खुर्चीतून उठून उभा राहिला. छापण्याआधी फोटोंवर ब्रश फिरवणं हे त्याचं काम. लढाई सुरू झाल्यापासून सरकारचा हुकूमच होता. नौकेचा नंबर पुसायचा, मागचे डोंगर धुक्यात घालवायचे, तोफ कुठे आहे ते शत्रूला कळता कामा नये. पुसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण इथे पुसायचं सोडून कुणीतरी माणूस घातला होता, आणि अधिकारी काही दूधखुळा नव्हता.

"नौदलाचा गडी डोंगरावर तोफा ओढायला जातो का हो? की ही खूण आहे? हा उजवीकडे असला की तोफ अमक्या ठिकाणी, डावीकडे असला की तमक्या? असल्या खुणा करणाऱ्यांना भिंतीला पाठ लावून उभं करतात, ठाऊक आहे ना?"

संपादकसाहेब मघापासून खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्याच्या गळ्याशी आलं की लोकांना खिडक्या फार आवडायला लागतात.

"माझा मुलगा आहे तो," रिटचर म्हणाला. मग हळूच म्हणाला, "होता."

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मुलगा नौकेवर तोफखान्यात होता. नौका बुडाली. कुबड्या घेतलेला एक सोबती छापखान्यात येऊन सांगून गेला. "ती बातमी तुम्हीच दाबलीत साहेब, म्हणून घरी अजून सरकारी पत्र आलेलं नाही. पण पोराची पत्रं बंद झाली तसं माझ्या बायकोने अन्न सोडलं. नुसती दाराकडे बघत बसायची. मग मी घरातल्या फोटोतून त्याला कापला, तोफेजवळ चिकटवला, वर वर्दी रंगवली. पेपर घरी नेला. त्या दिवशी ती जेवली."

"आणि पुढचे दोन?"

"एक खोटं जन्माला घातलं की त्याला भावंडं होतात, साहेब."

अधिकाऱ्याने तिन्ही फोटो पुन्हा एकदा निरखले. मग त्याने फोटो गोळा केले. "गोष्ट झकास रचलीत. चला तुमच्या घरी. बाईंनाच विचारतो."

"नका हो! मला हवं तर आत्ता भिंतीला उभं करा, पण तिला विचारू नका. मरेल ती." रिटचरने अक्षरशः हात जोडले. अधिकाऱ्याने तोवर टोपी घातली होती.

घर दोन खोल्यांचं. दार बायकोनेच उघडलं. हात कणकेत बरबटलेले. तिने आधी वर्दी बघितली, मग नवऱ्याचा चेहरा बघितला.

"अहो, साहेबांना पाणी आणा. माझे हात भरलेले आहेत."

रिटचर जागचा हलेना. या दोघांना एकटं सोडायचं म्हणजे सगळंच संपलं.

"जा ना! असे काय उभे राहिलात?" ती खेकसली. बिचारा गेला आत.

अधिकाऱ्याने नौकेवरच्या तोफेचा फोटो पुढे धरला. "हा कोण?"

"आमचा मुलगा."

"सध्या कुठे असतो?"

तिने आतल्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. "तो गेला, साहेब."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. न सांगता." तिने फोटोला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. "त्याच्या खांद्याकडे बघा."

अधिकाऱ्याने खिशातून भिंग काढलं. रंगवलेल्या वर्दीवर, खांद्याच्या कडेला, चार बोटं होती. मागे माणूस मात्र नव्हता.

"माझी आहेत ती. तो नोकरीवर निघाला त्या दिवशी आम्ही मायलेकांनी फोटो काढला होता. ह्यांनी मला कापलं, बोटं तेवढी राहिली. उभी हयात पुसण्यात गेली ह्यांची, पण डोळ्यांत पाणी असल्यावर काय दिसणार? पोर जिवंत असतं तर बापाला असं चिकटवत बसावं लागलं असतं का?"

"मग त्यांना हे सांगत का नाही?"

"मी अन्न सोडलं तेव्हा ह्यांनीही सोडलं होतं. आता मी पहिला घास घेते, मग ते घेतात. घशाखाली उतरत नाही हो, ढकलते. मला हे ठाऊक आहे एवढं कळलं ना, तर तो माणूस ताटावरून उठेल तो उठेलच."

आत भांडं वाजलं. रिटचर पाणी घेऊन आला, निम्मं वाटेतच सांडलेलं. तो नजरेनेच बायकोचा चेहरा चाचपडत होता. तिथे काहीच दिसेना.

अधिकाऱ्याने भिंग खिशात टाकलं. तिन्ही फोटोही खिशात टाकले. पाणी सगळं प्यायला. मग जरा मोठ्यानेच म्हणाला, "बाई, घोर लावून घेऊ नका. मुलगा खुशाल आहे तुमचा. मी स्वतः बघून आलोय. फक्त यापुढे त्याची बदली व्हायची नाही. नौकेवरच राहील." शेवटचं वाक्य त्याने रिटचरकडे बघून म्हटलं.

रिटचरने रिकामं भांडं हातात घेतलं. सुटल्याच्या आनंदापेक्षा त्याला ह्यानेच भरून आलं, की परक्या माणसाने आपल्या बायकोसाठी एवढं खोटं बोलावं.

बायको नवऱ्याकडे वळली.

"ऐकलंत ना हो? पोर खुशाल आहे. चला, आता पोटभर जेवा बघू."