पोटातलं पाणी

शेवटचा बोल्ट सुटला आणि धाकट्याच्या गाडीचा तो नखरेल पंप धाडकन खाली आला. दादा गाडीखालून सरपटत बाहेर निघाला. तेलाने माखलेला, घामाने निथळलेला आणि कितीतरी दिवसांनी मनापासून खूश. "मेला एकदाचा!" तो म्हणाला. वर्कशॉपमध्ये ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाला.

गाडी तशी आईची. म्हणजे धाकट्याने तिला घेऊन दिलेली. धाकटा सहा वर्षं परदेशात. तिकडूनच चार फोन फिरवून त्याने ही गाडी दारात उभी केली होती. आईला पाठीचं दुखणं. दर गुरुवारी उपचारांना टेकडीवरच्या दवाखान्यात जायचं, आणि रस्त्याला चौदा वळणं. साध्या गाडीत तिसऱ्या वळणालाच तिला मळमळायला लागायचं. या गाडीत मात्र चारही चाकांपाशी तेलाच्या दाबावर चालणारे खांब होते आणि त्यांना हुकूम सोडणारा एक कॉम्प्युटर. वळणावर गाडी कलायच्या आत ते खांब तिला उचलून धरायचे. गाडी सरळच्या सरळ.

"पोटातलं पाणी हलत नाही हो!" आई शेजारणीला सांगायची. सुनेला सांगायची. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसेल त्याला सांगायची. "माझ्या धाकट्याने दिलीय."

आणि गाडी चालवायचं कोण? दादा. पाठीला उशी लावायचं कोण? दादा. दोन तास बाहेर ताटकळत बसायचं कोण? तोही दादाच. पण पाणी हलत नव्हतं ते धाकट्यामुळे! दादाचा नुसता जळफळाट व्हायचा. पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात त्याचे हात काळे झाले होते, पण माझ्या थोरल्याने ब्रेक काय झकास बसवले, असं आईने कधी कुणाला सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"अहो, गाडीवर कसले जळता?" बायको म्हणायची.

"गाडीवर कोण जळतंय?" तो खेकसायचा. बायको तोंड फिरवून हसायची आणि तो आणखीच भडकायचा.

मग एका गुरुवारी तांबडा दिवा लागला आणि पाचव्या वळणावर गाडी होडीसारखी कलंडली. आईने एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने रुमाल तोंडाला लावला. दादाला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्याही झाल्या. त्याने लगेच धाकट्याला फोन लावला.

"दादा, तू हात नको लावूस," धाकटा म्हणाला. "ते तुला जमण्यातलं नाही. पार्ट इथूनच आणावा लागेल. दोन महिने धरून चाल."

जमण्यातलं नाही! झालं. दादाने दुसऱ्याच दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये आणली. आईला म्हणाला, जरा बघतो. पंप, नळ्या, कॉम्प्युटरचा डबा, सगळं त्याने मुळापासून उपटलं. त्या जागी साध्या स्प्रिंगा आणि साधे शॉकअप बसवले. पुढे एक आणि मागे एक अँटी-रोल बार टाकला. अँटी-रोल बार म्हणजे काय, तर या चाकापासून त्या चाकापर्यंत वाकवून नेलेला पोलादी दांडा. गाडी एका बाजूला कलायला लागली की दांडा पीळ खातो आणि तिला कलू देत नाही. ना दिवा, ना तेल, ना कॉम्प्युटर. मागचा दांडा पहिल्यांदा फार जाड झाला, वळणावर गाडीची शेपटी घसरायला लागली. दादाने तो काढून बारीक घातला. दोन आठवडे दुपारचं जेवण त्याने उभ्या उभ्याच उरकलं. चौदा वळणं एकट्याने इतक्या वेळा घेतली की दवाखान्याचा वॉचमन त्याला ओळखून हात करायला लागला.

गुरुवारी त्याने आईला गाडीत बसवलं. ती डोळे मिटून बसली. पाचवं वळण गेलं. नववं गेलं. रुमालाची घडी मांडीवर तशीच. दवाखान्याच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली.

आईने डोळे उघडले. "पोहोचलोसुद्धा?"

"हललं का पाणी?"

"नाही रे. जराही नाही."

दादाची छाती फुगली. "धाकट्याचं यात आता काही नाही हं. सगळं काढून टाकलं. आता माझे दोन दांडे आहेत, बस्स!"

"काढून टाकलं?" आई सावरून बसली. "म्हणजे तो पार्ट आता नको?"

"कशाला लागतोय? थांब, त्यालाच सांगतो."

"राहू दे की. सांगू सावकाश."

पण दादाला कुठला दम निघतोय! त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जमलं बरं का, हेही सांगितलं.

"काय म्हणतोस!" धाकटा म्हणाला. "मग सुटलोच म्हणायचं मी. पार्ट घेऊन स्वतः येतो, महिनाभर राहतो, असं आईला कबूल केलं होतं. सुट्टी मिळवताना नाकी नऊ आले रे. आता काय, बघू पुढे कधीतरी."

फोन बंद झाला. दादा आईकडे वळला.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याचं नाव काढलं की तुझं तोंड वाकडं होतं," आई म्हणाली. तिने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तशीच बसून राहिली. दादाने धावत जाऊन तिला हात दिला, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं रे," ती म्हणाली, "इतकं चांगलं काम करायला?"