शिडातला वारा

जहाजावरची नोकरी संपवून देविदास साळवे बायकोला, सरजाबाईला, घेऊन रेणापूरकडच्या मोठ्या तलावाकाठी राहायला आला, तेव्हा लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. उरलेलं आयुष्य शिडाच्या होडीत काढायचं, एवढीच त्याची हौस. पण पावसानं दडी मारली, तलाव आटत गेला, काठावरच्या बाभळीचं पानही हलेना.

तरी एका दुपारी दोघं होडीत असताना शीड भरलं.

वारा कोमट होता, ओलसर होता, आणि त्याला किडक्या दातांची घाण येत होती. शीड फुगलं, सैल पडलं, पुन्हा फुगलं. देविदासनं हात लावला, तर कापडावर लाळेसारखा चिकट थर. हात धुवायला त्यानं पाण्यात घातला, तर पाणीही तसंच कोमट.

सरजाबाईनं पदर नाकाला लावला. "वारं न्हाई हे," ती म्हणाली. "कुणाच्या तरी तोंडाची वाफ हाय. काठाला घ्या होडी."

"शीड उतरवतो. मग वल्हवतच जाऊ."

त्यानं शीड उतरवून गुंडाळलं. मग सरजाबाईचा पदर फुगू लागला. फुगला, पडला, भिजून तिच्या ओठांना चिकटला. तिला राहवलं नाही. होडीबाहेर वाकून ती भडाभडा ओकली.

लगेच वारा थांबला. घाणही गेली. देविदासनं सुटकेनं वल्ही उचलली.

तेवढ्यात होडीखालचं सगळं पाणी सावकाश वर चढायला लागलं, खोकला यायच्या आधी छाती भरून येते तसं.