जिते कोसे

"सारे वाचवले बघ. एकच काय तो फुटला," म्हणत शकुंतलाबाईंनी टोपली लेकीपुढे ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत उभ्या राहिल्या.

सकाळपासून झेरॉक्ससाठी भंडाऱ्याला गेलेली रिता नुकतीच घरात शिरली होती. तिने टोपलीत हात घातला. टसर रेशमाचे कोसे अजून कोमट होते.

"माय, तू उकळले?"

"मंग का करू? मिरग तोंडावर आला, पाखरं निंगाची येळ. एक पाखरू निंगूनबी गेलं. कोसा भोकाचा झाला, तार वाया."

आंधळगावच्या या विणकराच्या घरात कोशातून पाखरू बाहेर पडणं म्हणजे नुकसान. लग्न होऊन आल्यापासून शकुंतलाबाईंनी ते कधी होऊ दिलं नव्हतं.

रिताने एकेक कोसा चाचपून पाहिला. पीएच.डी. झाल्यावर बेंगळुरूच्या प्रयोगशाळेने तिला पोस्टडॉकच्या संशोधनासाठी बोलावलं होतं, पण अट घालून. वीस जिवंत कोसे आणा, आतल्या पेशी आठ दिवस जगवून दाखवा, मग तीन वर्षांची जागा तुमची. त्यासाठीच तिने हे कोसे घरी आणून ठेवले होते. संध्याकाळी वरठीहून गाडी होती.

हे ऐकून शकुंतलाबाई चरकल्या. पण विचारल्यावाचून राहवेल तर त्या शकुंतलाबाई कसल्या!

"मेल्यावर त्यात असं कोणतं दिसत नाई व? किडा तर आतच हाये."

रिता चिडणारच होती, पण प्रश्न ऐकून थांबली.

"आत किडा राहतच नाई, माय. त्याचं बहुतेक अंग विरघळते, पेजेवानी. अन् त्याच पेजेत पंख बनते, डोळे बनते. कोणत्या पेशीनं पंख व्हाचं, हे तिले कोण सांगते? तेच पाहाचं होतं मले."

शकुंतलाबाई टोपलीकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं हजारो कोसे उकळले, पण आत असलं काही चालतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. पदर खोचून त्या तशाच गावातल्या चिंधूकडे निघाल्या.

चिंधू रानात ऐनाच्या झाडांवर कोसे पोसायचा. पुढच्या पिकासाठी जिवंत ठेवलेल्या बियाण्याच्या कोशांच्या माळा त्याच्या घरात आढ्याला टांगलेल्या होत्या.

"उकळाले बियाणं नाई देत मी, काकू."

"उकळाले नाई. पाहाले पाहिजे."

चिंधूने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि एक माळ खाली काढली.

शकुंतलाबाई एकेक कोसा कानाशी हलवू लागल्या. खुळखुळला तर मेलेला, जड थाप लागली तर जिता. उकळल्यावर किडा नक्की मेला ना, हे बघायला त्यांनी आजवर असेच कोसे हलवले होते.

एकोणीस पिशवीत गेले. विसावा मात्र त्या कानाशी धरूनच उभ्या राहिल्या.

"का झालं काकू? मेला का तो?"

"चूप ना," शकुंतलाबाई पुटपुटल्या. "आयकून राहिली मी."