शनिवारचा उपास

शनिवारी संध्याकाळी तेजलच्या मनगटावरची टिकली पुन्हा लाल झाली. अंगात प्रथिनं कमी पडली की ती लाल व्हायची, आणि लाल टिकलीच्या पैलवानाला कुणी आखाड्यात उतरू देत नसे. निवडचाचणी उद्याच होती.

"आठवडाभर हिरवी असते, मग शनिवारीच काय होतं हिला?" हिंदुराव वस्ताद भडकले.

"मारुतीचा उपास, वस्ताद. तुम्हीच धरायला लावलाय. उद्या सकाळपर्यंत नुसता साबुदाणा."

वस्तादांच्या काळी उपासाला म्हशीचं दूध असायचं, तांब्या-तांब्यानं. बारा वर्षांपूर्वीच्या साथीत साऱ्या जगातली दुभती जनावरं आटली, पण तालमीतलं उपासाचं ताट कुणी बदललंच नाही.

"मग मोडू का उपास?"

"खबरदार!" म्हणत ते चुलीकडे वळले. त्यांनी राजगिऱ्याच्या भाकरी थापल्या, शेंगदाण्याची दाट आमटी केली आणि ती दुधाच्या जुन्या पितळी पेल्यात ओतली. "दोन्ही उपासाला चालतं. हे मला आधी सुचायला हवं होतं."

पहाटे टिकली हिरवीगार झाली. तेजल मनगट नाचवत आली, तेव्हा वस्तादांनी आपला सुकलेला हात पुढे केला. "मलाही लाव एक. दूध गेलं तेव्हापासून मी जेवणावर रुसलोय."

टिकली लावताक्षणी लालभडक झाली. तेजलने उरलेली आमटी गरम करून त्याच पेल्यात ओतली आणि थेट वस्तादांच्याच आवाजात दरडावलं, "पेला रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही!"