ताईने सांगितलेला रिपोर्ट

बाळंतपणानंतर माझं रडू थांबेना. अंथरुणातून उठणंसुद्धा जिवावर यायचं. ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, म्हणून तिनेच घरी येऊन माझं रक्त नेलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे गं. हे मनाचं दुखणं, त्याला वेळ लागतो. तू आधी सावर, छकुलीला तोवर मी सांभाळते." घरचीच लॅब, त्यामुळे कागद मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

चार महिने गेले. छकुली ताईकडे पालथी पडायला लागली, ते मी व्हिडिओवर पाहिलं.

नव्या डॉक्टरांनी मात्र कागदच हवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा लॅबच्या काउंटरवरून मी स्वतः प्रत काढून आणली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलंय, हिमोग्लोबिन सातवर. अशात मन खचलं तर नवल काय? औषधाने यातलं बरंच भरून निघेल. पण चार महिने काय करत होता तुम्ही?"

बाहेर येऊन मी ताईला फोन लावला. "ताई, रिपोर्ट वाचताना तुझी चूक झाली ना?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली असती, तर मी तिथेच सगळं विसरून गेले असते.

फोनमध्ये मागून छकुलीचं हसू ऐकू येत होतं. ताई म्हणाली, "तू बरी झाली असतीस, तर तिला घेऊन गेली असतीस गं."