कार्ड नाही, माल नाही

“कार्ड दाखवा,” मानांग ओफेलिया, म्हणजे सगळ्या गल्लीची ओफेलियाताई, म्हणाली. ती स्टुलावरून उठली नाही, की तोंडातला तळलेल्या केळ्याचा घास गिळायलाही थांबली नाही.

समोर लोलो अमादो, म्हणजे गल्लीतले अमादो आजोबा, उभे होते. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

“अगं, तुझ्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला डुक्कर भाजलं ते मी!”

“मग कार्डावर जन्मसाल असेलच. दाखवा.”

“सिगरेट सोडून दोन वर्षं झाली मला,” लोलो म्हणाले, “पण तुझं तोंड बघितलं की पुन्हा ओढावीशी वाटते!” आणि काठी आपटत चालते झाले.

काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेलं होतंच, ‘कार्ड नाही, माल नाही’. दुकानातला एकुलता एक पंखा मानांगच्या तोंडाकडे वळवलेला असायचा. गिऱ्हाइकांनी घाम पुसत उभं राहायचं. कुठला फ्लेवर चांगला असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “मी काय ओढून बघू का तुझ्यासाठी?” फिलिपिन्समधल्या दुमागेतेच्या त्या गल्लीत व्हेपचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगरेटचं, दुकान एवढं एकच, म्हणून तिचं चालत होतं. पण आताशा लोक फोनवरूनच माल मागवायला लागले होते.

रांगेत मागे उभा असलेला सेल्सो तेवढा हसला. निमूटपणे कार्ड काढून त्याने काउंटरवर ठेवलं. दर शनिवारी ठेवायचा तसंच.

“रागावू नका हं, मानांग,” तो म्हणाला, “पण लोलोंना तरी सोडायचं होतं.”

“आणि हा गेला म्हणजे?” तिने अंगठ्याने मागच्या भिंतीकडे खूण केली. काचेच्या चौकटीत नगरपालिकेचा परवाना होता आणि त्याच्याखाली चिकटवलेली नोटीस. गेल्या वर्षी एका उंच मुलीला तिने व्हेपच्या द्रवाची एक बाटली विकली होती. पोरगी निघाली पंधरा वर्षांची. पुन्हा असं झालं, तर परवाना रद्द. नवरा सिगरेटींपायी गेला, त्यानंतर ओफेलियाने हे दुकान टाकलं होतं. दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि आता शिकायचं वयही नव्हतं.

सेल्सोने नोटीस खालपर्यंत वाचली. “म्हणजे आणखी एकदाच?”

“आणखी एकदाच.”

“तसं होऊ द्यायचं नाही,” तो म्हणाला. “दुकान आपल्या गल्लीतलं आहे. आपणच टिकवायला हवं.”

आणि खरंच, माणूस नुसता बोलला नाही! गल्लीच्या फेसबुक ग्रुपवर कुणी ‘त्या खडूस बाईकडे जाऊ नका’ असं लिहिलं की खाली सेल्सोचं उत्तर हजर: ‘तोंडाची फटकळ आहे, पण माणूस आपलं आहे. तिच्याकडूनच घ्या.’ महिनाभरात त्याने दहा-बारा गिऱ्हाइकं परत आणली. दर शनिवारी स्वतः तीन वेगवेगळ्या बाटल्या न्यायचा आणि सगळ्यात जास्त काय खपतं ते आवडीने विचारायचा. एकदाही त्याने दुकानात झाकण उघडलं नाही की धूर सोडला नाही. नखांत हिरवा रंग असायचा. घर रंगवतोय म्हणे.

मग त्याने शिकवणीच सुरू केली.

“हसा बघू.”

“हसतेच आहे.”

“याला हसणं म्हणतात? दाढ दुखतेय असं वाटतं!”

दोन शनिवार गेले आणि मानांगला हसता यायला लागलं. तिसऱ्या शनिवारी पंखा गिऱ्हाइकांकडे वळला. चौथ्या शनिवारी सेल्सोने पाटी उचलून काउंटरखाली ठेवली.

“रागावू नका हं. शाळकरी पोरांना विचारा ना, हवं तितकं विचारा. पण मोठ्या माणसाला वय विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. समोरच्या गाळ्यात काय येतंय कुणास ठाऊक. नवं दुकान आलं तर लोक गोड बोलणाऱ्याकडेच जाणार.”

मानांगने रस्त्यापलीकडे पाहिलं. त्या गाळ्याच्या काचांना दोन महिने वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, आतून ठोकाठोक ऐकू यायची. सेल्सो म्हणतो ते तिला पटलं. एवढी काळजी तिची आजवर कुणी केली होती?

मंगळवारी दुपारी एक बाई आली. लिपस्टिक, उंच टाचा, हातात कामाच्या फायली.

“तुम्हीच ना मानांग ओफेलिया? आता फार छान बोलता म्हणे तुम्ही!”

मानांगच्या ओठांवर ‘कार्ड’ आलं होतं. ते तिने गिळलं आणि सेल्सोने शिकवलं होतं तशी, सगळे दात दिसतील अशी हसली. बाटली कागदात गुंडाळून दिली. वर म्हणाली, “पुन्हा या हं.”

ती दहा मिनिटांत परत आली. बरोबर नगरपालिकेची दोन माणसं होती. एकाच्या हातात ती बाटली, दुसऱ्याच्या हातात तिचं शाळेचं ओळखपत्र. वय सोळा.

“पण तुम्ही सेल्सोला विचारा!” मानांग कळवळून म्हणाली. “मी सगळ्यांना कार्ड मागते. अख्खी गल्ली मला त्यापायी शिव्या देते. सेल्सोला विचारा, तो सांगेल!”

“हा सेल्सो कोण?” त्या माणसाने चौकट उतरवत विचारलं.

तिने फोन लावला. तो वाजत राहिला. भिंतीवर परवान्याच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती चप्पल न घालताच रस्त्यावर आली. सेल्सोला शोधायचं. तो काहीतरी करेल. तोच करेल.

समोरच्या काचांवरची वर्तमानपत्रं निघाली होती. हिरवीगार पाटी, ओली अजून. आत फळीवर तिच्याच दुकानात सगळ्यात जास्त खपणाऱ्या बाटल्या, ओळीने. उंच स्टुलावर टाचांचे बूट काढून पाय हलवत तीच पोरगी बसली होती, आणि काउंटरसमोर काठी टेकून लोलो अमादो उभे होते.

“रागावू नका हं, लोलो,” आतून ओळखीचा, गोड आवाज आला, “पण आधी कार्ड दाखवा.”